तो धागा ओढला नाहीस, बरं केलंस

प्रिय,

कासवाच्या तोंडातून तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा धागा, लोंबताना दिसला, तो ओढून काढायला हवा होता का, असं तू विचारलंस. नाही. गिळलेल्या तंगुसाचं दुसरं टोक पार आतड्यात, कदाचित गळासकट रुतलेलं असतं. बाहेरून ओढलं की आतडं त्या धाग्यावर चुण्या पडून गोळा होतं आणि कापलं जातं.

कासवालाही ते थुंकता येत नाही. त्याच्या घशात आतल्या बाजूला वळलेले काटे असतात. जेलीफिशसारखं बुळबुळीत भक्ष्य अडवून धरायचं आणि सोबत आलेलं खारं पाणी बाहेर टाकायचं, यासाठी ही सोय. प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा जेलीफिश समजून गिळला की तीच सोय त्याच्या जिवावर उठते. आणि फसगत फक्त डोळ्यांची नसते. तरंगत्या प्लास्टिकवर शेवाळ आणि सूक्ष्मजीव वाढले की त्याला खाद्याचा वास येऊ लागतो. लॉगरहेड कासवं त्या वासाला खाद्यासारखाच प्रतिसाद देतात, हे २०२० मध्ये प्रयोगातून दिसलं. इंडोनेशियात वाकाटोबीच्या किनाऱ्यावर २०१८ मध्ये मेलेला स्पर्म व्हेल सापडला, त्याच्या पोटात जवळपास सहा किलो प्लास्टिक होतं. नुसते कपच ११५. हे आठवलं की मला आजही संताप येतो.

जाळ्यात गुरफटलेला प्राणी दिसला तर एकट्याने कापाकापी करायला जाऊ नकोस. नायलॉनचं जाळं तुलाही गुंतवेल. शिवाय आवळून सुजलेला पाय नुसता मोकळा करून भागत नाही, उपचार लागतात. जाणकार येईपर्यंत कासवाचं नाक पाण्यावर राहील एवढं बघ. किनाऱ्यावर निपचित पडलेलं असेल तर सावली कर, परत समुद्रात ढकलू नकोस.

स्ट्रॉ, चमचे याबद्दल खूप बोललं जातं. माझ्या मते किनाऱ्यावर टाकून दिलेली जाळी आणि तंगूस आधी उचलावेत. ते कुजत नाहीत, आणि धनी नसतानाही पकडत राहतात.

बचाव केंद्राला अजून कळवलं नसशील तर आजच कळव: जागा, वेळ, पाण्याची खोली. चेहऱ्याचा बाजूने काढलेला फोटो असेल तर जरूर दे, खवल्यांच्या नक्षीवरून तेच कासव ओळखता येतं. चरायला कासवं बहुधा त्याच खडकांवर परत येतात, त्यामुळे ते सापडायची आशा आहे.

तुझा,
काका