रिटर्नचा पीसी आणि मुलाचा व्हॅलोरंट

प्रश्न : मी कराडला घरूनच आयकर रिटर्न भरण्याचं आणि टॅलीचं काम करते. घरात डेस्कटॉप एकच. बारावीतला मुलगा त्यावर व्हॅलोरंट खेळतो. परवा पीसी चालू केला, गेम उघडलेला नव्हता, तरी खाली उजव्या कोपऱ्यात लाल चिन्ह दिसलं. मुलगा म्हणाला, "ते व्हॅनगार्ड आहे, चीटर पकडायला असतं." माझं विंडोजचं खातं वेगळं आहे, त्याला पासवर्ड आहे. तेवढं पुरेसं आहे ना? ही कंपनी चिनी आहे असंही ऐकलं.
– एक वाचक (नाव छापू नये)

उत्तर : ताई, पुरेसं नाही. वेगळ्या खात्यामुळे तुमच्या फायली मुलाच्या हाती लागत नाहीत, एवढंच. व्हॅनगार्डचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला जोडला जाणारा त्याचा छोटा प्रोग्रॅम, विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, पीसी सुरू होतानाच चढतो. तोवर तुमचा पासवर्ड टाइप करायची वेळसुद्धा आलेली नसते. कर्नलमध्ये बसलेल्या प्रोग्रॅमला खात्यांच्या भिंती आड येत नाहीत.

मुलगा खोटं बोलत नाही. भिंतीपलीकडचा शत्रू दाखवणारे, नेम आपोआप धरणारे चीट विकत मिळतात आणि तेही कर्नलमध्ये जाऊन लपतात. त्यांना पकडायचं तर तिथेच जावं लागतं, असं गेम बनवणाऱ्या रायटचं म्हणणं. रायट लॉस एंजेलिसची, पण २०१५ पासून पूर्णपणे टेन्सेंट या चिनी कंपनीच्या मालकीची. व्हॅनगार्ड लोकांच्या फायली चीनला पाठवतं, असा पुरावा मात्र पुढे आलेला नाही. माझी काळजी वेगळी आहे.

एवढी ताकद असलेला प्रोग्रॅम भलत्याच्या हाती गेला तर? हे घडलेलं आहे. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ईएसईए या गेमिंग कंपनीच्या अँटी-चीटमधून खेळाडूंच्या पीसीची ताकद गुपचूप वापरून नवे बिटकॉइन (आभासी चलन) तयार केले गेले, आणि ते काम कंपनीतल्याच माणसाचं होतं. २०२२ मध्ये गेन्शिन इम्पॅक्टच्या अँटी-चीटचा ड्रायव्हर रॅन्समवेअरवाल्यांनी, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्यांनी, अँटीव्हायरस बंद पाडायला वापरला. तो ड्रायव्हर त्यांनी स्वतःच सोबत आणला होता. त्यावर अधिकृत डिजिटल सही असल्यामुळे विंडोजने तो चालू दिला, मग त्या मशीनवर गेम असो वा नसो. म्हणून तुमच्या पीसीवर एक गोष्ट आजच बघा : विंडोज सिक्युरिटी, त्यात डिव्हाइस सिक्युरिटी, त्यात कोअर आयसोलेशन. तिथे व्हल्नरेबल ड्रायव्हर ब्लॉकलिस्ट, म्हणजे धोक्याचे ठरलेले ड्रायव्हर अडवणारी यादी, चालू हवी.

आता मुद्द्याचं. तुमच्याकडे पॅन, आधार, फॉर्म १६, बँकेचे उतारे आहेत, आणि ते दुसऱ्यांचे आहेत. मुलाने 'आय अ‍ॅग्री' दाबून स्वतःपुरती परवानगी दिली. तुमच्या पक्षकारांच्या वतीने ती त्याला देता येत नाही आणि तुम्हालाही नाही. त्यामुळे या कामासाठी वेगळं मशीन घ्याच. टॅली आणि आयकराचं पोर्टल यांना ग्राफिक्स कार्ड लागत नाही, साधा जुना लॅपटॉप विंडोज नव्याने टाकून चालेल. डेटा तिकडे हलवल्यावर डेस्कटॉपच्या ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड पुसा आणि ते बदलाही. डिजिटल सहीचा टोकन दिवसभर यूएसबीला लावून ठेवायची सवय बऱ्याच जणांना असते. तुम्हाला असेल तर सही झाली की काढत जा.

लॅपटॉप येईपर्यंत कामाला बसताना त्या लाल चिन्हावर राइट क्लिक करून व्हॅनगार्ड बंद करा. मग पीसी रीस्टार्ट केल्याशिवाय व्हॅलोरंट चालणार नाही, हे मुलाला आधीच सांगा. रीस्टार्ट झाला की ते पुन्हा चढतं, तेव्हा दर वेळी बघावं लागेल. उद्या गेम काढलात तर अ‍ॅप्सच्या यादीतून व्हॅनगार्ड वेगळं काढा.

खेळणं बंद करू नका. मित्रांशी त्याचं बोलणं बहुधा तिथेच होत असेल. नवा गेम घ्यायचा असेल तर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातलं त्या गेमचं पान दोघांनी मिळून वाचा. कर्नलमधलं अँटी-चीट असेल तर तसं तिथे लिहिणं २०२४ पासून सक्तीचं आहे.