सोलापूरसारख्या शहरात सर्वसामान्यांसाठी यॉट क्लब निघू शकतो का?

तुम्ही विचारलंय की परदेशात शहरातल्या संथ नदीवर साध्या लोकांचे यॉट क्लब असतात, ते चालतात कसे? आणि आपल्या सोलापुरात, जिथं शहरातून नदीच वाहत नाही, तिथं तुमच्या अकरा वर्षांच्या मुलीला शिडाची होडी शिकता येईल असं काही उभं राहील का?

राहील. फक्त पाणी नदीचंच हवं हा आग्रह सोडावा लागेल, आणि पहिला पैसा कशावर घालायचा हे आधी ठरवावं लागेल.

मी नोकरीसाठी बोस्टनला होते तेव्हा चार्ल्स नदीवरच्या ‘कम्युनिटी बोटिंग’ या क्लबात शीड हाकायला शिकले, म्हणून तिथलंच सांगते. या नदीच्या मुखाशी १९१० मध्ये धरण झालं. त्याआधी भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर व्हायचं आणि ओहोटीला काठचा चिखल उघडा पडायचा. धरणानंतर पातळी स्थिर झाली आणि बोस्टन व केंब्रिज या दोन शहरांच्या मधोमध एक मोठा डोह तयार झाला. लाटा नाहीत, जोराचा प्रवाह नाही, काठ कायम नजरेत. शिकाऊ माणसाला आणखी काय हवं? पण ते आहे अडवलेलं पाणीच, आणि अडवलेलं पाणी सोलापूर जिल्ह्याला नवीन नाही.

क्लबाची मुळं १९३० च्या दशकातली, मंदीच्या काळातली. नदीकाठच्या वेस्ट एंड नावाच्या गरीब वस्तीतल्या पोरांना शीड शिकवण्यापासून सुरुवात झाली आणि १९४६ मध्ये रीतसर संस्था झाली. होड्या सगळ्या क्लबाच्या. सभासदाला स्वतःची होडी घ्यावी लागत नाही, सामायिक होड्यांतली एक घ्यायची आणि परत आणून नीट बांधून ठेवायची. मुलांची फी घरच्या उत्पन्नावर ठरते आणि ती एका डॉलरपासून सुरू होते. शिकवणाऱ्यांत पगारी लोक असतात, पण बरंचसं काम आधी शिकलेले सभासदच करतात. गेल्या मोसमात जो नवखा होता तो या मोसमात दुसऱ्याला गाठी मारायला शिकवत असतो.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तिथला झेंडा. धक्क्यावर रोज वाऱ्याप्रमाणं हिरवा, पिवळा किंवा लाल झेंडा चढतो. हिरवा असेल तर नवशिक्यांनी जावं, पिवळा असेल तर त्या पायरीची परीक्षा दिलेल्यांनीच, लाल असेल तर फक्त मुरलेल्यांनी. तिथं ओळख चालत नाही, वशिला चालत नाही. वारा वाढला आणि झेंडा बदलला की नवखे निमूट परत येतात. सोलापुरात क्लब काढायचा झाला तर होड्यांच्याही आधी हा झेंडा आणायला हवा.

असं का म्हणते ते सांगते. २१ मे २०२४ ला उजनी धरणाच्या पाण्यात करमाळ्याकडच्या कुगावहून इंदापूरकडच्या कळाशीला निघालेली बोट संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. त्यात लहान मुलं होती. वळवाचा वारा आपल्याकडे कसा येतो हे तुम्हाला माहीत आहे. दुपारभर पान हलत नाही, चारनंतर पश्चिमेला ढग काळवंडतात, आणि मग धुळीचा लोट येईपर्यंत हातात काही मिनिटंच असतात. एप्रिल-मेमधली दुपार शिकाऊ मुलांसाठी बंद म्हणजे बंद, यात कोणाचीही भीड धरायची नाही.

आता पाण्याचं. सिद्धेश्वर तलाव शहराच्या मधोमध आहे, पण तो सिद्धरामेश्वरांचा तलाव, मध्ये मंदिर, बाजूला भुईकोट किल्ला. तिथं श्रद्धेची जागा आधी, आणि शिडाला लागणारा मोकळा वाराही तिथं मिळायचा नाही. कंबर तलावाला जलपर्णीचा त्रास आणि पक्ष्यांचा अधिवास, तोही सोडा. सीना नदी पावसाळ्यात कशी अंगावर येते ते २०२५ च्या सप्टेंबरात सगळ्या जिल्ह्यानं पाहिलंय, आणि एरवी तिच्यात शिडापुरतं पाणी टिकत नाही. उजनी मोठी, पण दीड-दोन तासांवर, शिवाय इतकी रुंद की वारा सुटला की लाटा उठतात. शिकलेल्यांनी पुढे तिकडे जरूर जावं.

उरतो हिप्परगा. तुळजापूर रस्त्यावरचा हा एकरुख तलाव आदिला नदी अडवून केलेला, १८७१ चा. शहराला अगदी लागून, काठ उघडा, आजूबाजूला उंच इमारती नाहीत, त्यामुळं वारा सलग मिळतो. शहरातल्या नदीवर इमारतींच्या मधून वारा तुकड्यातुकड्यांनी येतो आणि दिशा बदलत राहतो. चार्ल्सवर नवखे रडकुंडीला येतात ते त्यापायीच. त्या बाबतीत आपलं पाणी उलट सोपं आहे.

तलाव कोरडा पडतो त्याचं काय, असं लोक लगेच विचारतील. पण बोस्टनला तरी कुठं बारा महिने चालतं? तिथं मोसम एप्रिल ते ऑक्टोबर, कारण हिवाळ्यात नदी गोठते. आपला मोसम परतीच्या पावसानंतर धरायचा, ऑक्टोबर ते फेब्रुवारी. तेव्हा तलावात पाणी असतं, वारा बेताचा असतो, ऊन सोसण्यासारखं असतं. ज्या वर्षी पाणी आलं नाही त्या वर्षी होड्या शेडमध्ये ठेवून त्यांची डागडुजी करायची. हे पिण्याचंही पाणी आहे, हा मुद्दा मला उलट शिडाच्या बाजूचा वाटतो. डिझेलच्या फेऱ्या मारणाऱ्या बोटींपेक्षा त्या पाण्यावर शीड केव्हाही बरं. परवानगी मात्र जलसंपदा विभागाची लागेल, आणि ती मिळेपर्यंत एकही होडी पाण्यात उतरवू नये.

होडी म्हणून मी डोळे मिटून ऑप्टिमिस्ट सांगेन. १९४७ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडामध्ये ही चौकोनी नाकाची छोटी होडी आखली गेली ती मुळात मुलांसाठी, स्वस्तात, घरच्या घरी प्लायवूडमधून करता यावी म्हणून. लांबी २.३ मीटर, वजन सुमारे ३५ किलो. एक शीड, एक मूल. आज जगभर मुलं यातच शिकतात आणि पंधराव्या वर्षापर्यंत यात शर्यती करतात. शर्यतीची होडी विकत आणावी लागते, पण शिकण्यापुरती मरीन प्लायची, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडची होडी आपले सुतार नक्की करतील. आणि शिडाचं म्हणाल तर पॉलिएस्टरचं घट्ट विणीचं कापड झिगझॅग टाक्यानं शिवायचं असतं. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांच्या गावात त्यासाठी हात मिळणार नाहीत, हे मला पटतच नाही.

पहिल्या दिवशी मुलांना काय शिकवतात? होडी उलटवायला. मुद्दाम उलटवायची. होडी आडवी झाली की तिला न सोडता पोहत तळाकडच्या बाजूला यायचं. तिथं तळातून फळी बाहेर आलेली असते, तिला डॅगरबोर्ड म्हणतात. तिच्यावर दोन्ही हातांनी भार टाकायचा. क्षणभर काहीच होत नाही, मग डोलकाठी पाण्यातून हळूहळू वर यायला लागते, शिडातलं पाणी निथळतं आणि होडी एकदम सरळ होते. आत चढायचं, डबड्यानं पाणी उपसायचं, पुढं निघायचं. हवेच्या पिशव्या बांधलेल्या असतात म्हणून ती बुडत नाही. काठ कितीही जवळ दिसला तरी होडी सोडून पोहत निघायचं नाही, हे इतक्या वेळा घोकून घेतात की झोपेतही आठवावं. हे जमलं की मुलांची भीती जाते आणि मग वारा शिकवता येतो. वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही, डावीकडे तिरकं, मग उजवीकडे तिरकं असं नागमोडी वर चढावं लागतं. बारा वर्षांची पोरगी जेव्हा स्वतःच्या हिमतीवर वाऱ्याविरुद्ध चढून धक्क्याला परत येते, तेव्हा तिच्या चालण्यातसुद्धा फरक पडलेला दिसतो. मी पाहिलाय.

म्हणून खर्चाचा क्रम असा: आधी अंगाला नीट बसणारी लाइफ जॅकेट्स, मग इंजिनाची एक सुरक्षा-बोट आणि ती चालवणारा पगारी माणूस, आणि त्यानंतर होड्या. हा माणूस तलावावर मासेमारी करणाऱ्या भोई-कोळी कुटुंबातलाच असावा असं मला मनापासून वाटतं. पाणी कुठं उथळ, जाळी कुठं लावलेली, वारा कुठून फिरतो, हे त्यांच्याइतकं कोणाला कळतं? त्यांच्या जाळ्यांतून शिडं हाकत त्यांनाच बाजूला सारणारा क्लब मला नको.

क्लबहाऊस, जेवणाचा हॉल, उद्घाटनाला पुढारी, यांत पहिले पैसे घालू नका. क्लब म्हटलं की आपल्याकडे तेच डोळ्यांसमोर येतं, आणि मग वर्गणी इतकी वाढते की विडी कामगारांच्या घरकुल वस्तीतलं पोर फाटकाच्या आतही येऊ शकत नाही. पत्र्याची शेड, दोरांसाठी खुंट्या, कपडे बदलायला दोन खोल्या आणि तो झेंडा एवढं पुष्कळ आहे. माणसं मिळण्याची चिंता वाटत असेल तर पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब पाहा. ती वल्हवायची नावं, शीड नव्हे, पण विद्यार्थीच तो सांभाळतात आणि रेगाटा, म्हणजे नावांचा सोहळा, भरवतात. सोलापुरात अभियांत्रिकी महाविद्यालयं कमी नाहीत.

आणि हे सगळं उभं राहायला वेळ लागेल, तोवर मुलीला थांबवू नका. हैदराबाद आपल्याला जवळ. हुसेनसागरवर शिडाचे क्लब आहेत, त्यातला यॉट क्लब ऑफ हैदराबाद गरीब घरांतल्या मुलांनाही शिकवतो, आणि तिथली मुलं राष्ट्रीय पातळीवर उतरतात. एका शनिवार-रविवारी मुलीला घेऊन जा आणि धक्क्यावर बसून नुसतं बघू द्या. तिला पोहता येतं की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही. येत नसेल तर या उन्हाळ्यात आधी तेच, कपड्यांसकट पाण्यात पडून शांतपणे तरंगता येईपर्यंत.