आधी स्पीकरची तार हलव, मग ब्रँडचं बघू

चि. मित्रास,
अनेक आशीर्वाद.

तुझा आत्ताचा व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) ॲम्प्लिफायर काढून मॅकिन्टॉश या अमेरिकन कंपनीचा एमसी२७५ घ्यावा की नाही एवढंच विचारायचं होतं, त्यासाठी तू केवढी कारणं लिहिलीस! ७५ वॉट, मोठं नाव, न्यू जर्सीचा मावसभाऊ दिवाळीला येणार, आणि पुढच्या पट्टीवरचे ते निळे मीटर. निळ्या मीटरचं आधी मिटवतो. तुला हवा असलेल्या एमसी२७५ला ते नसतातच. ते त्यांच्या दुसऱ्या मॉडेलांना असतात.

एवढ्या मजकुरात आवाजाबद्दलचं वाक्य मात्र एकच सापडलं: "डग्गा जरा पसरतो, पण ख्याल लावला की गाणारी बाई अगदी पुढ्यात येऊन बसते." माझ्या लेखी तुझं खरं पत्र एवढंच. या वाक्यातली तक्रार आणि कौतुक, दोन्ही बहुधा एकाच कारणातून आलेली आहेत. ती तशी असतील तर डग्गा आवरताना बाईही चार पावलं मागे सरकेल, आणि ते तुला चालेल का हे लाखो रुपये घालण्याआधी कळलेलं बरं.

कारण सांगतो, जरा सावकाश वाच. कुठल्याही ॲम्प्लिफायरला स्वतःचा असा एक आउटपुट इम्पिडन्स असतो, म्हणजे विजेच्या वाटेतला अंगचा अडथळा. ट्रान्झिस्टरच्या यंत्रात तो नगण्य. व्हॉल्व्हच्या यंत्रात, विशेषतः फीडबॅक (आउटपुटचा अंश परत आत देऊन चूक सुधारणं) कमी ठेवलेल्या, ईएल३४ व्हॉल्व्हच्या जोडीवर चालणाऱ्या पुश-पुलमध्ये, ८ ओहमच्या टॅपवर, म्हणजे स्पीकर जोडायच्या टर्मिनलवर, तो अडीच-तीन ओहम असणं सहज शक्य आहे. दुसरीकडे तुझ्या स्पीकरवर ८ ओहम छापलंय म्हणून तो सगळ्या सुरांना ८ ओहम नसतो. तुझ्यासारख्या, पोर्ट (हवेचं भोक) असलेल्या उभ्या स्पीकरचा इम्पिडन्स कुठे ४ ओहमपर्यंत उतरतो, तर खर्जात दोन ठिकाणी आणि क्रॉसओव्हरच्या (मोठ्या आणि छोट्या स्पीकरमध्ये सूर वाटले जातात त्या जागेच्या) आसपास २०पर्यंतही चढतो. आता हिशेब कर. ॲम्पचा इम्पिडन्स २.७ ओहम धरला तर स्पीकर ४ ओहम असतो तिथे त्याला ६० टक्के व्होल्टेज मिळतं आणि २० ओहम असतो तिथे ८८ टक्के. डेसिबलमध्ये हा फरक साधारण ३.४ येतो. म्हणजे टोन कंट्रोलचं बटण कुणीतरी आधीच फिरवून ठेवल्यासारखं आहे: खर्जात थोडं वर आणि क्रॉसओव्हरजवळ, म्हणजे गळ्याच्या पट्टीत, थोडं वर. डग्गा पसरतो तो त्या पहिल्या उंचवट्यावर, बाई पुढे येते ती दुसऱ्यावर.

एमसी२७५च्या सध्याच्या आवृत्तीचा डॅम्पिंग फॅक्टर, म्हणजे स्पीकरचा इम्पिडन्स ॲम्पच्या इम्पिडन्सच्या किती पट तो आकडा, कंपनी २२च्या वर सांगते. ८ ओहमला २२ने भागलं की ०.३६ ओहम. तोच स्पीकर त्याला जोडलास तर ३.४ डेसिबलचा चढउतार ०.६वर येतो. डग्गा आवरणार यात शंका नाही. पण गळ्याचा तो पुढावाही जाणार.

याला ब्रँडचा आवाज म्हणायचं की गणित? बरंचसं गणितच, असं माझं मत. १९८५ साली अमेरिकेत ॲम्प्लिफायर बनवणाऱ्या बॉब कार्व्हर यांनी 'स्टिरिओफाइल' मासिकाच्या संपादकांसमोर हे करून दाखवलं होतं. संपादकांनी निवडलेला एक महागडा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर शेजारी ठेवायचा आणि आपल्या ट्रान्झिस्टरच्या यंत्राचं आउटपुट त्याच्याशी इतकं जुळवायचं की दोघांतला फरक उरू नये. दोन दिवस हॉटेलच्या खोलीत बसून त्यांनी ते जुळवलं आणि संपादकांना दोन यंत्रं वेगळी ओळखता आली नाहीत. यावरून सगळे ॲम्प्लिफायर सारखेच असं म्हणणारे म्हणतात. मी नाही म्हणत. मी एवढंच म्हणतो की ज्याला आपण "अमक्या कंपनीचा गोडवा" म्हणतो त्यातला मोठा भाग तुझ्या स्पीकरवर अवलंबून आहे. दुसऱ्याच्या दिवाणखान्यातला गोडवा तुझ्या घरी येईलच असं नाही.

म्हणून आधी एक फुकटचा प्रयोग. ॲम्प्लिफायर बंद कर, थोडा वेळ जाऊ दे, आणि दोन्ही स्पीकरच्या तारा मागच्या ८ ओहमच्या टर्मिनलवरून काढून ४ ओहमच्या टर्मिनलला लाव. तारा नीट कसल्यात याची खात्री केल्याशिवाय चालू करू नकोस. स्पीकर न जोडता व्हॉल्व्हचं यंत्र वाजवलं तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. ४च्या टॅपवर आउटपुट इम्पिडन्स जवळपास निम्मा होतो, म्हणजे आपल्या उदाहरणातला ३.४ डेसिबलचा चढउतार दोनवर येतो. मॅकिन्टॉशच्या दिशेने निम्मी वाट तू एका स्क्रूड्रायव्हरवर चाललास. आवाज तीनेक डेसिबल कमी वाटेल, तेवढा व्हॉल्यूम वाढव, नाहीतर नुसत्या हळू वाजण्यालाच तू "जीव गेला" म्हणशील.

मग आठवडाभर ऐक, आणि ऐकण्यासाठी नेहमीचीच रेकॉर्डिंग्ज घे. विलंबित एकतालात तबलजी डग्ग्यावर मनगट सरकवून मींड काढतो, तिथे कान दे. सूर वर चढताना एकाच जागी अचानक फुगतो का, की सरळ चढतो? मग तानपुरा. चारही तारा वेगवेगळ्या मोजता येतात का, की जवारीचा एकच धूर झालाय? शेवटी बाईंचा आवाज. एवढं झालं की परत ८वर लाव आणि पुन्हा ऐक.

४वरच सगळं आवडलं तर तुझा कल कळला. मग एमसी२७५ चुकीच्या दिशेला नाही, पण कदाचित तुला त्याची गरजही उरली नसेल. ८वरचंच आवडलं, डग्ग्यासकट, तर मॅकिन्टॉश तुला सहा महिन्यांत कोरडा वाटायला लागेल आणि तो विकायला तूच माझ्याकडे गिऱ्हाईक मागशील. आणि दोन्हीकडे डग्गा सारखाच पसरला तर दोष खोलीचा. स्पीकर मागच्या भिंतीपासून हातभर पुढे ओढून बघ.

आता तुझे ७५ वॉट. तुझे आत्ताचे ४० आहेत. कागदावर जवळपास दुप्पट, कानाला पावणेतीन डेसिबल. तुझा स्पीकर एका वॉटला ८६ डेसिबलचा आहे, म्हणजे ४० वॉटला एक मीटरवर १०२ डेसिबलपर्यंत जातो. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी तक्रार केली नाही याचा अर्थ तू तिथवर कधी गेलेलाच नाहीस. त्यामुळे वॉटसाठी ब्रँड बदलू नकोस. उलट बाजूने तेच ३००बी या व्हॉल्व्हच्या यंत्राचं. सिंगल एंडेड, म्हणजे जोडीऐवजी एकट्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या, ३००बीचे आठेक वॉट या स्पीकरला पुरणार नाहीत. द्रुतात तबला चढला की सगळं चेपलं जाईल. त्या यंत्राच्या प्रेमात पडायचं तर ९५ डेसिबलच्या पुढचा स्पीकर आधी आण.

एक गोष्ट तुझ्या नजरेतून सुटलेली दिसते. तुझं यंत्र इंटिग्रेटेड आहे, म्हणजे व्हॉल्यूमसकट सगळं एका खोक्यात; एमसी२७५ नुसता पॉवर ॲम्प. त्याला व्हॉल्यूमचं बटणच नाही. त्याच्या आधी व्हॉल्यूमसाठी वेगळं यंत्र, म्हणजे प्रीॲम्प, लागणार, तोही त्याच तोलामोलाचा घ्यावासा वाटणार, आणि मग दोघांमधली केबल. खर्चाच्या कागदावर हे कुठेच नव्हतं.

मावसभावाकडून यंत्र मागवायचं प्रकरण याहून नाजूक. अमेरिकेतलं यंत्र १२० व्होल्टचं. "स्टेपडाउन लावू" असं तू सहज लिहिलंयस. व्होल्टेज स्टेपडाउनने उतरतं, फ्रीक्वेन्सी नाही. तिकडे ६० हर्ट्झ, इकडे ५०. तेवढ्याच व्होल्टेजला ५० हर्ट्झवर ट्रान्सफॉर्मरच्या कोअरमधला (लोखंडी गाभ्यातला) चुंबकी फ्लक्स २० टक्क्यांनी वाढतो. मागच्या पाटीवर ५०/६० लिहिलं असेल तर ठीक, नुसतं ६० असेल तर ट्रान्सफॉर्मर तापणार आणि गुणगुणणार. ती पाटी आधी फोटो काढून मागव. शिवाय बऱ्याच कंपन्या एका देशात विकलेल्या मालाची दुसऱ्या देशात वॉरंटी देत नाहीत. कस्टम्सवाले काय लावतील ते आणखी वेगळं.

विजेचा विषय निघालाच आहे तर एक काम कर. रात्री अकरानंतर घरच्या सॉकेटमधलं व्होल्टेज मोज. आपल्याकडे २३०चं २५० होणं नवीन नाही. २३०साठी गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरला २५० मिळाले की व्हॉल्व्हच्या हीटरला ६.३ऐवजी ६.८५ व्होल्ट जातात. दहा टक्क्यांची मुभा असते, ती जवळपास संपली. असं रोज चाललं तर व्हॉल्व्ह लवकर जातात आणि माणूस ब्रँडला नावं ठेवतो. चांगला स्टॅबिलायझर कुठल्याही भारी पॉवर कॉर्डपेक्षा उपयोगी. कॉर्डबद्दल मला विचारू नकोस, मी चिडतो.

आता मॅकिन्टॉशच्या बाजूनेही बोलायला हवं, कारण यंत्र खरोखर अव्वल आहे. फ्रँक मॅकिन्टॉश आणि गॉर्डन गाऊ यांनी १९४९च्या सुमारास जो युनिटी कपल्ड आउटपुट ट्रान्सफॉर्मर काढला तोच याचा प्राण. त्यात प्लेट आणि कॅथोड या व्हॉल्व्हच्या दोन टोकांची वाइंडिंग्ज जोडीने, एकमेकांना चिकटून गुंडाळलेली असतात, आणि व्हॉल्व्हचं काम दोघांत निम्मं निम्मं वाटलेलं असतं. त्यामुळे विकृती कमी आणि तो डॅम्पिंग फॅक्टर जास्त. १९६१ साली आलेलं हे मॉडेल १९७३ला थांबलं, १९९३ला गाऊ यांच्या स्मरणार्थ परत आलं आणि अजून विकलं जातंय. मालकाला बायस (व्हॉल्व्हमधून कायम वाहणारा प्रवाह) लावत बसावं लागत नाही. पण हाच ट्रान्सफॉर्मर उद्या गेला तर? तुझ्या आत्ताच्या यंत्राचा साधा अल्ट्रालिनियर ट्रान्सफॉर्मर एखादा कसबी वाइंडर खोलून, वेढे मोजून पुन्हा गुंडाळू शकेल. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला चौकशी केलीस तर असा माणूस अजून सापडतो. युनिटी कपल्ड मात्र गल्लीत गुंडाळून मिळणार नाही. तो अमेरिकेतल्या त्यांच्या बिंगहॅम्टनच्या कारखान्यातूनच यायला हवा.

बिंगहॅम्टन आज आहे, आणि असावंच. पण या धंद्यात नावं हातोहात फिरतात हे ध्यानात ठेव. मॅकिन्टॉशचा सगळा समूह नोव्हेंबर २०२४मध्ये बोसने घेतला. १९७०पासूनची ऑडिओ रिसर्च ही व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरची कंपनी २०२३मध्ये आर्थिक अडचणीत येऊन नव्या मालकाकडे गेली. दोन्ही ठिकाणी माल बनतोय, घाबरण्यासारखं काही नाही. पण "आयुष्यभराची खरेदी" असं डीलर म्हणाला तर त्याला विचार की भारतात दुरुस्ती कोण करतो, सुटे भाग किती दिवसांत येतात आणि यंत्र दिल्लीला पाठवायचं झालं तर भाडं कोण भरतं. तीस किलोच्या खोक्याला हा प्रश्न फार महत्त्वाचा.

व्हॉल्व्हच्या बाबतीत दोन्ही यंत्रं सुरक्षित. तुझे ईएल३४ आणि एमसी२७५चे केटी८८ स्लोव्हाकियातली जेजे कंपनी बनवते, रशियात सारातोव्हला बनतात, चीनमधूनही येतात. २०२२च्या मार्चमध्ये रशियाने निर्यात थांबवली तेव्हा भाव कसे उसळले ते बाजारात सगळ्यांनी पाहिलं. ज्यांची यंत्रं दुर्मीळ व्हॉल्व्हवर चालत होती त्यांची झोप उडाली, ईएल३४वाल्यांना निदान दुसरीकडे बघता येत होतं. आपल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे बंगळुरूचे छोटे व्हॉल्व्ह जुन्या साठ्यातून अजून मिळतात, पण पॉवर व्हॉल्व्हसाठी परदेशाकडेच बघावं लागतं. आणि हो, तुझ्या यंत्रात ऑटो-बायस आहे आणि मागे ईएल३४/केटी८८चा खटका आहे. केटी८८ची जुळवलेली चौकडी घालून बघितलीस का? खर्ज बराच आवळतो. तुझी आत्ताची चौकडी रोज तीन तासांच्या हिशेबाने तीन वर्षांची झाली, म्हणजे तीन हजार तासांच्या पुढे गेली. नव्या यंत्राची तुलना थकलेल्या व्हॉल्व्हशी करणं हा जुन्यावर अन्याय आहे.

हे सगळं करूनही मन मॅकिन्टॉशवरच राहिलं तर डीलरकडे जा, पण त्याच्या स्पीकरवर ऐकून ठरवू नकोस. दोन दिवसांसाठी यंत्र घरी माग. या किमतीच्या गिऱ्हाइकाला चांगला डीलर नाही म्हणत नाही. घरी आणलंस की २०० हर्ट्झचा सूर लाव आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर मोज. एकाला २.०० व्होल्ट आले तर दुसऱ्यालाही २.००च यायला हवेत, २.०५सुद्धा नको. जरासं मोठं वाजणारं यंत्र नेहमी "जास्त जिवंत" वाटतं, आणि दुकानातला व्हॉल्यूम तुझ्या हातात नसतो.

तूर्तास मला चार गोष्टी कळव: रात्रीचं व्होल्टेज, ४ आणि ८वरचा तुझा अनुभव, तुझ्या स्पीकरचा इम्पिडन्सचा आलेख कुठे छापलेला मिळाला तर तो, आणि भावाने पाठवलेला त्या मागच्या पाटीचा फोटो. जुळवलेले केटी८८ माझ्याकडे एक जोड पडून आहेत, तुला चार लागतील. उरलेल्या दोनांची सोय झाली की रविवारी ये. मीटर मी काढून ठेवतो.

तुझा,
काका