आजींना शिक्षिका करू नका, जोडीदार करा

तुम्ही लिहिलंय की पाच वर्षांची लेक व्हिडिओ कॉलवर दोन मिनिटांत उठून पळते, म्हणून हस्तकला सुरू करायची आहे; पण आजी म्हणतात, "मला त्यातलं काही येत नाही." आमच्याकडे माझा मुलगा आणि माझे सासरे चार वर्षं दर रविवारी हे करताहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आजींना येत नाही, हे चांगलंच आहे. आम्ही आजोबांना आधी सगळं शिकून घ्यायला लावलं होतं. ते सूचना द्यायचे, हा ऐकायचा. तिसऱ्या रविवारी याने कॉलला यायलाच नकार दिला. मग दोघांनाही न येणारी वस्तू निवडली आणि दोघांनी एकाच वेळी करायला घेतली. एक अडला की दुसरा सांगायचा. कॉल पाऊण तास चालला.

यूट्यूबवरचा व्हिडिओ लावून दोघांना त्यापुढे बसवू नका. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दोन-अडीच वर्षांची मुलं नवी क्रियापदं समोरासमोर शिकली, लाइव्ह व्हिडिओ कॉलवरही शिकली. रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवरून मात्र शिकली नाहीत. मुलाच्या बोलण्याला त्याच क्षणी उत्तर देणारं माणूस लागतं. ते तुमच्याकडे आहे, त्यांनाच बोलू द्या.

आता दिशांचं. सगळा गोंधळ इथे होतो. स्वतःची छबी आपल्याला आरशासारखी उलटी दिसते, त्यात समोरच्याचा डावा हात आपल्या उजवीकडे. "उजवीकडे दुमड" म्हटलं की दोघंही चुकतात. म्हणून आधी दोन्हीकडच्या कागदांचे चारही कोपरे स्केचपेनने सारख्याच क्रमाने रंगवून घ्या. मग "लाल कोपरा निळ्यावर" एवढंच म्हणायचं. घडी घातली की कागद कॅमेऱ्यासमोर उचलून धरायचा, समोरच्याने बघितलं की खाली ठेवून नखाने रेघ दाबायची. "एक-दोन-तीन" एकत्र म्हणू नका. आवाज थोडा उशिरा पोचतो, ताल जुळत नाही आणि मूल चिडतं.

फोन चेहऱ्याकडे नको, हातांकडे हवा. पुस्तकांच्या चळतीवर तो कडेबाहेर थोडा काढून ठेवा, वर एक जड पुस्तक. पांढऱ्या टेबलावर पांढरा कागद दिसत नाही, खाली गडद कापड अंथरा. आजींच्या पाठीमागे खिडकी नको. दुसऱ्या फोनवरून चेहराही दाखवायचा असेल, तर त्या फोनचा माइक आणि आवाज दोन्ही बंद ठेवा, नाहीतर आवाज घुमतो.

साहित्य दोन्ही घरांत आधीच असतं तेच घ्या. ए-फोर कागदाची आखूड कड लांब कडेवर दुमडली की चौरस मिळतो आणि ८.७ सेंटीमीटरची पट्टी उरते. चौरसाचं कुत्र्याचं तोंड तीन-चार घड्यांत होतं, पाच वर्षांच्या मुलीला जमेल. कात्री दोन्हीकडे बोथट टोकाची. आजींचे हात थरथरत असतील तर कापण्याऐवजी कागद फाडून चिकटवा. फाटलेली कड दिसतेही छान.

आमच्याकडे सगळ्यात रंगला तो दिवस सांगते. वर्तमानपत्राची चार बोटं रुंद, लांब पट्टी घेऊन तिला अर्धा पीळ देऊन टोकं चिकटवली आणि दोघांनी ती मधोमध, लांबीच्या दिशेने गोल फिरत कापायला घेतली. दोघांनाही खात्री होती की दोन कड्या निघणार. निघाली एकच, दुप्पट मोठी. आजोबा ती उलटसुलट करून बघत गप्प बसले. हा म्हणाला, "आबा, परत कापूया." ती पुन्हा मधोमध कापली, तर दोन कड्या, एकमेकींत अडकलेल्या! आजोबांनी आजींना हाक मारून दाखवल्या, मग शेजाऱ्यांनाही. (हिला मोबिअसची पट्टी म्हणतात, १८५८ साली मोबिअस आणि लिस्टिंग या दोन जर्मन गणितज्ञांना ती वेगवेगळी सुचली. ते आम्ही पुढच्या रविवारी वाचलं.)

आणखी एक, आणि माझ्या मते हेच सगळ्यात महत्त्वाचं: काम पुरं करून कॉल संपवू नका, थोडं राहू द्या. मग पुढचा फोन कधी करायचा हे मूलच विचारतं. आमचं सध्या पुठ्ठ्याचं घर चाललंय. भिंती आमच्याकडे, छप्पर आजोबांकडे, भेटू तेव्हा जोडायचं. मापं पट्टी कॅमेऱ्यासमोर धरून घेतो. गेल्या रविवारी आजोबांकडून छप्पर दोन सेंटीमीटर आखूड कापलं गेलं. ते नवीन पुठ्ठा शोधायला उठले, तर हा म्हणाला, "राहू द्या आबा," आणि त्याने इकडे भिंती कमी करायला घेतल्या.