मित्रासाठी सुतक नसतं

"मॅडम, सख्खं कोणी नव्हतं हो, मित्रच होता. मग वर्ष होत आलं तरी मला इतकं का होतंय?" हे वाक्य समुपदेशनाच्या कामात मी इतक्यांदा ऐकलंय की आता लिहायलाच हवं. मित्र गेला तर आपल्याकडे सुतक नाही, ऑफिसात रजा नाही, दहाव्याला गेलात तरी मागे कुठेतरी उभं राहायचं आणि चारच्या मीटिंगला परत. मग ते दुःख जाणार कुठे?

कोथरूडचा एक चाळिशीचा माणूस, ओळख लागू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. त्याचा जिवलग मित्र अकरा महिन्यांपूर्वी झोपेतच हार्ट अटॅकने गेला. मित्राला दोन वेडं, समुद्र आणि सायकल. दर दोन-तीन महिन्यांनी दोघं चांदणी चौकातून निघायचे, मुळशी, ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा करत हरिहरेश्वर. मित्राची सायकल वहिनींनी याला दिली, ती पार्किंगमध्ये चादरीखाली उभी, दोन्ही टायर बसलेले. हा लिफ्टकडे जाताना मान वळवून जायचा.

पहिल्या तीन-चार भेटीत एकच मागणी, "विसरायला शिकवा." बायको म्हणते विसर, आई म्हणते विसर, बॉस म्हणतो मूव्ह ऑन. मी काही शिकवलं नाही, मित्राबद्दल विचारत राहिले, आणि तो हवापाण्यावर बोलून उठायचा.

मग एकदा निघताना पुढची तारीख ठरवत होतो. मी कालनिर्णय बघून म्हटलं, "बुधवारी नको, संकष्टी आहे, मी लवकर निघते." तो चप्पल घालता घालता पुटपुटला, "चतुर्थी. तीनला भरती."

"काय म्हणालात?"

तो एकदम ओशाळला. "काही नाही मॅडम, सवय. कोकणातला हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीलाच करता येते ना, म्हणून तो आधी तिथी बघायचा आणि मग पुण्यातून निघायची वेळ ठरवायचा."

"आणि तुम्ही अजून करता?"

"रोज. सिग्नलला, मीटिंगमध्ये. इथे पुण्यात, समुद्र कुठे नि मी कुठे. वेड लागतंय का मला?"

मी त्याला परत बसवलं. म्हटलं, "अकरा महिने तुम्ही ज्याला विसरायला धडपडताय तो रोज तुमच्या डोक्यात पाऊणचा पाढा म्हणतोय. तो पुसायचाय का तुम्हाला?"

तो बराच वेळ काही बोलला नाही, मग जो रडला तो त्या अकरा महिन्यांत पहिल्यांदा. माझी पुढची अपॉइंटमेंट बाहेर ताटकळत होती, तरी मी त्याला उठवलं नाही, आणि इतक्या वर्षांच्या कामात गप्प बसायला शिकले याचं मला त्या दिवशी समाधान वाटलं.

फ्रॉइडने १९१७ मध्ये मांडलं होतं की शोक म्हणजे गेलेल्या माणसातून मन हळूहळू सोडवून घेणं. १९९६ मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या शोकाच्या अभ्यासकांनी वेगळं सांगितलं, नातं तुटत नाही, त्याचं रूप बदलतं. मी या दुसऱ्या बाजूची, कारण माझ्याकडे येणारी माणसं विसरता येत नाही यापेक्षा विसरलंच पाहिजे या सक्तीने जास्त दमलेली असतात. तेव्हा मित्राचं नाव घ्या, त्याच्या घरी जा, त्याच्याकडून शिकलेलं एखादं काम चालू ठेवा. घरच्यांनी "सावर आता" म्हणण्याऐवजी "कसा होता रे तो?" एवढं विचारलं तरी खूप झालं. पण झोप-जेवण उडालंय, वर्ष उलटलं तरी रोजची कामं होत नाहीत, जगावंसं वाटत नाही, असं असेल तर मात्र थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेली मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो.

त्याने टायर-ट्यूब बदलून घेतले. समुद्रावर अजून गेलेला नाही, मीही घाई केली नाही. रविवारी ती सायकल घेऊन वहिनींकडे जातो, मित्राच्या मुलीला तो हिशोब शिकवलाय. परवा त्याने तिचा मेसेज मला पाठवला, नुसता एवढाच: "काका, आज सप्तमी. सव्वापाच."