रेकी देताना माझ्या हाताला मुंग्या येतात, म्हणजे ऊर्जा वाहते का? हात नेमके कुठे आणि कसे ठेवायचे?

तुम्ही लिहिलंय की रेकीची (अंगावर हात ठेवून ऊर्जा देण्याची जपानी पद्धत) पहिली डिग्री, म्हणजे शिक्षणाची पहिली पायरी, झाली आहे, आईला गुडघेदुखीसाठी घरीच दिवाणावर झोपवून रेकी देताय आणि वीसेक मिनिटांनी उजव्या हाताला मुंग्या येतात. क्लासमध्ये सांगितलं होतं की मुंग्या म्हणजे ऊर्जा.

आधी बघा, मुंग्या कुठल्या बोटांना येतात. करंगळी आणि अनामिकेला येत असतील तर बहुतेक तुमचं कोपर दिवाणाच्या लाकडी कडेवर टेकलेलं आहे आणि तिथली नस दबतेय. अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना येत असतील तर मनगट मागे वाकवून तुम्ही तळवा टेकवताय. कोपराखाली उशी घ्या, मनगट सरळ करा आणि पुन्हा बघा. मुंग्या गेल्या तर त्या नसेच्या होत्या.

जपानी परंपरेत तळव्याला जाणवणाऱ्या संवेदनांना 'ब्योसेन' म्हणतात. त्यांच्या पायऱ्या सांगतात: साधी ऊब, तीव्र उष्णता, मुंग्या, ठोके (हिबिकी) आणि शेवटी हातात दुखणं. या संवेदना खऱ्या असतात, त्यात कुणी खोटं बोलत नाही. पण त्यांची साधी कारणंही असतात. दोन तळवे अंगावर पाच मिनिटं न हलवता ठेवले की मधली उष्णता बाहेर जात नाही. देणारा निवांत झाला की हातातला रक्तप्रवाह वाढतो. बोटं स्थिर असली की स्वतःचीच नाडी टोकाशी जाणवते आणि ती समोरच्याची वाटते. म्हणून 'इथे ठोके लागले, म्हणजे तुमच्या लिव्हरला त्रास आहे' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. हाताने निदान होत नाही.

रेकी (दरोड्याच्या बातमीत चोर करतात ती नव्हे) मिकाओ उसुई यांनी 1922 साली टोकियोत शिकवायला सुरुवात केली. 'की' म्हणजे साधारण आपला प्राण. कल्पना अशी की देणारा स्वतःची शक्ती देत नाही, विश्वातली ऊर्जा त्याच्या डोक्यातून शिरून तळव्यांतून बाहेर पडते आणि घेणाऱ्याचं शरीर लागेल तेवढी ओढून घेतं. ही परंपरेची मांडणी झाली, अशी ऊर्जा कुठल्या उपकरणाने मोजलेली नाही. उसुईंचे विद्यार्थी चुजिरो हायाशी यांनी हात ठेवण्याच्या जागा व्यवस्थित बसवल्या. हवायो ताकाता यांनी त्यांच्याकडून शिकून 1937 साली ही पद्धत हवाईत नेली. आज क्लासमध्ये शिकवतात तो 12 जागांचा क्रम पुढे पाश्चात्त्य देशांत रुळला. प्रत्येक जागेला एक चक्र जोडायची पद्धतही तिकडचीच. आपलीच चक्रं परदेशी जाऊन कपडे बदलून परत आली, असं समजा.

आता हात. बोटं एकमेकांना चिकटलेली, अंगठाही शेजारी, तळव्याला अगदी किंचित खोलगटपणा, अर्घ्याला पाणी घेताना असतो त्याच्या निम्मा. हाताचं वजन फक्त टेकण्यापुरतं, दाब नाही. एका जागी 3 ते 5 मिनिटं, म्हणजे 12 जागांना तासाभराच्या आत-बाहेर.

सुरुवात डोक्यापासून, उशाशी बसून. आधी डोळ्यांवर एक पातळ रुमाल आणि त्यावर तळवे, पण बुबुळांवर भार नाही आणि नाकपुड्या मोकळ्या. मग कानशिलांवर. तिसरी जागा डोक्याखाली, आणि इथेच नवशिके हात कोंबतात. तसं करू नका. डोकं हलकेच डावीकडे वळवा, उजवा हात खाली सरकवा, डोकं त्यावर आणा, मग दुसऱ्या बाजूने दुसरा हात. चौथी जागा गळा. गळ्याला हात लावू नका, कित्येकांना गुदमरल्यासारखं होतं. हात गळपट्टीच्या हाडांवर टेकवा किंवा वर अधांतरी धरा.

पुढच्या बाजूच्या चार जागा: छातीचा वरचा भाग, खालच्या बरगड्या, बेंबीची पातळी, ओटीपोट. छातीवर आणि ओटीपोटावर हात 5 ते 8 सेंटीमीटर वर धरायचे. घरच्या माणसालाही आधी विचारायचं. मग पालथं झोपवून खांदे, खवाटे, कंबर, माकडहाड. आईला पालथं झोपणं जमत नसेल तर कुशीवर घ्या किंवा पाठीच्या चारही जागा खुर्चीत बसवून करा. एकीकडून दुसरीकडे जाताना दोन्ही हात एकदम उचलू नका. एक टेकलेला ठेवून दुसरा हलवा. पहुडलेल्या माणसाला हात अचानक गेल्याचा धक्का जाणवतो, आणि तो परत येऊन टेकल्याचा त्याहून जास्त.

गुडघा या 12 जागांत येत नाही, तो शेवटी घ्यायचा. पाठीवर झोपवून गुडघ्यांखाली घडी घातलेली चादर ठेवा. एक तळवा वाटीच्या थोडा वर, दुसरा मागच्या खळगीत, दाबून नव्हे. 10 मिनिटं दिलीत तरी चालेल. एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर मात्र हात लावत बसू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी डॉक्टर.

दिवाण फार बुटका असतो, त्यामुळे तुमची कंबर धरते, मग तुम्ही नकळत हातांवर रेलता आणि मुंग्या सुरू होतात. टेबल असेल तर उंची अशी हवी की उभं राहून हात सैल सोडल्यावर मुठीची पेरं त्याला टेकतील. दिवाणच असेल तर शेजारी बुटक्या स्टुलावर बसा. हात गार असतील तर आधी चोळा. पंखा थेट अंगावर नको, कारण माणूस पडून राहिलं की थंडी लवकर वाजते.

गुण येतो का? 2008 साली अमेरिकेत फायब्रोमायॅल्जियाच्या (अंगभर सतत दुखण्याचा आजार) 100 रुग्णांवर चाचणी झाली. काहींना रेकी मास्टरनी, म्हणजे शेवटची पायरी शिकलेल्यांनी, रेकी दिली, काहींना तशीच कृती करणाऱ्या नटांनी. फरक पडला नाही. नैराश्य आणि चिंतेबद्दल कॉक्रेन या उपचारांवरचं संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या 2015 सालच्या आढाव्यातही ठोस निष्कर्ष काढण्याइतका पुरावा सापडला नाही. माझं मत असं: आईला तासभर कुणीतरी न बोलता, न घाई करता हात लावून बसतं, यानेच तिला बरं वाटत असावं. त्यासाठी ऊर्जा मानलीच पाहिजे असं नाही. पण गुडघ्याची झीज याने भरून येत नाही. मांडीचे व्यायाम आणि औषधं चालूच ठेवा. 'रेकी सुरू आहे म्हणून बीपीची गोळी बंद' असं सांगणाऱ्या मास्टरकडे परत जाऊ नका. ताप-उलटीला 'शुद्धीकरण चाललंय' म्हणणाऱ्याकडेही नाही.

आणि संपल्यावर आईला झटकन उठवू नका. तासभर आडवं राहिल्यावर एकदम उभं राहिलं की चक्कर येऊ शकते, बीपीची गोळी चालू असेल तर शक्यता जास्त. कुशीवर वळवा, पाय खाली सोडून दोन मिनिटं बसवा, हाताशी धरूनच उभं करा.