‘नीरू’ हासुद्धा शब्दच आहे

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा पावणेपाच वर्षांचा असून जेमतेम पंधरा-वीस शब्द बोलतो, दोन मिनिटे एका जागी बसत नाही, हाक मारली तरी बहुतेक वेळा वळून पाहत नाही आणि दार उघडे दिसले की थेट रस्त्याकडे धावतो. अंगणवाडीच्या बाईंनी ‘तूर्त घरीच ठेवा’ असे सुचवले आहे. सासूबाईंचे म्हणणे, याचा बापही उशिराच बोलू लागला होता. शेजाऱ्यांच्या मते घरात मराठी आणि अंगणवाडीत कन्नड या ओढाताणीत पोर गोंधळले आहे, आणि पुरावा म्हणून तो पाण्याला ‘नीरू’ म्हणतो हे दाखवले जाते. पती बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्रीत दुसऱ्या पाळीला आहेत. शेवटी त्या लिहितात, “ताई, सकाळी भाकऱ्या थापताना मी त्याचा पाय ओढणीने पलंगाला बांधते. हे मी कुणालाच सांगितलेले नाही. मी काय करू?”

सप्रेम नमस्कार.

तुम्ही जे कुणालाच सांगितले नाही, तिथूनच सुरुवात करते. चूल पेटलेली, हात पिठाचे आणि पोर रस्त्याकडे धावणारे, अशा वेळी तुम्हाला जे सुचले ते तुम्ही केलेत. त्याबद्दल मी तुम्हाला बोल लावणार नाही. पण ती गाठ उद्यापासून बांधू नका. बांधलेले मूल सुटण्यासाठी झटते, त्या झटापटीत ओढणी गळ्याशी येऊ शकते, आणि काही पेटले किंवा सांडले तर त्याला बाजूला होता येत नाही. दाराला त्याचा हात पोहोचणार नाही एवढ्या उंचीवर आतून कडी बसवून घ्या. दुसरे म्हणजे, पती दुपारनंतर कामावर जातात हे तुम्हीच लिहिले आहे, म्हणजे सकाळच्या भाकऱ्यांच्या वेळी ते घरी असतात. रात्री उशिरा परतणाऱ्या माणसाला झोप हवी हे मान्य; तरीही तो अर्धा तास मुलगा त्यांच्याकडे असावा, हे तुम्ही विनंती म्हणून नव्हे तर वाटणी म्हणून सांगावे असे मला वाटते.

आता भाषेविषयी. सीमाभागात भाषेवरून भांडण्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की मुलाच्या बोलण्यातली अडचणही आपण भाषेच्याच खात्यावर टाकतो. घरात एक आणि बाहेर दुसरी भाषा कानावर पडल्याने मुलाचा विकास खुंटत नाही. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या गल्ल्यांतली मुले तीन भाषांत भांडतात आणि तिन्हींत जिंकतात. दोन भाषांतले शब्द एकमेकांत मिसळणे हे लहान मुलांत स्वाभाविकच असते. तज्ज्ञ मुलाचे शब्द मोजतात तेव्हा दोन्ही भाषांतले मिळून मोजतात. तुमचा मुलगा तहान लागल्यावर ‘नीरू’ म्हणत असेल, तर त्याला काय हवे आहे हे त्याने शब्दाने सांगितले, आणि ही चांगली खूण आहे. म्हणून कुणाच्या सांगण्यावरून घरातली मराठी बंद करू नका. ज्या भाषेत तुम्ही न अडखळता लाडही करता आणि रागावताही, तीच त्याच्याशी बोला.

सासूबाईंच्या बोलण्यात मात्र उपयोगाचा एक धागा आहे. वडील उशिरा बोलले ही माहिती डॉक्टरांना जरूर सांगा, कारण अशा गोष्टी घराण्यात उतरू शकतात. पण थांबण्यासाठी ते कारण होत नाही. साधारण दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलते आणि चार वर्षांचे छोटी वाक्ये करते. पावणेपाच वर्षांच्या मुलाकडे पंधरा-वीसच शब्द असतील तर ‘येईल हळूहळू’ म्हणण्याची वेळ मागे पडली आहे.

पत्रावरून निदान करण्याचा मला अधिकार नाही. अतिचंचलता, म्हणजे ज्याला एडीएचडी म्हणतात ते, स्वमग्नता (ऑटिझम), बौद्धिक विकासातील विलंब किंवा ऐकू कमी येणे, यांपैकी काहीही असू शकते, आणि दोन गोष्टी एकत्रही असू शकतात. म्हणून पहिली तपासणी कानांची करून घ्या. दाराचा आवाज झाला की तो वळतो, असे तुम्ही लिहिले आहे. पण कानाच्या पडद्यामागे पाणी साठलेल्या मुलाला मोठा आवाज ऐकू येतो आणि बोललेले शब्द मात्र अस्पष्ट येतात. स्थिर न बसणाऱ्या मुलाची बेरा नावाची तपासणी झोपेत करता येते. रक्तातले लोह, थायरॉईड आणि झोप यांविषयीही बालरोगतज्ज्ञांना विचारा. ‘मोबाईलवर तासभर बसतो, मग लक्ष कसे नाही?’ हा युक्तिवाद घरात होत असेल तर त्याकडे लक्ष देऊ नका. पडदा क्षणोक्षणी नवे दाखवून लक्ष धरून ठेवतो. स्वतःहून लक्ष लावणे ही वेगळी गोष्ट आहे.

कुठे जावे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे, म्हणजे आरबीएसकेचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुले तपासते आणि विकासात विलंब दिसल्यास जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. पथक कधी येणार हे आशा कार्यकर्तीला विचारा, मात्र त्याची वाट पाहत बसू नका. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात बालरोग विभागात स्वतःच जा. मानसोपचाराच्या अंगाने तपासणी लागली तर धारवाडची डिम्हान्स ही सरकारी संस्था आहे, आणि खानापुरातून लोंढ्यामार्गे रेल्वेनेही धारवाड गाठता येते. एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगा: चाचणी मुलाला समजणाऱ्या भाषेत व्हावी. समोरची व्यक्ती कन्नडमध्ये चित्राचे नाव विचारेल, मुलगा गप्प राहील आणि कागदावर ‘माहीत नाही’ अशी नोंद होईल. मराठी येणारे कुणी नसेल तर दुभाषी म्हणून तुम्हाला बसू द्यावे, आणि तुम्ही उत्तर न सुचवता फक्त प्रश्न मराठीत सांगावा.

निदान एडीएचडीचे निघाले तरी गोळ्यांच्या भीतीने मागे फिरू नका. सहा वर्षांखालील मुलांसाठी पालकांना वागणूक हाताळण्याचे प्रशिक्षण देणे हाच पहिला उपचार मानला जातो. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची घाईही आत्ताच नको. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आणि बौद्धिक दिव्यांगत्व आहे, एडीएचडीचे वेगळे नाव नाही. शिवाय बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. तेव्हा आधी निदान, मग कागद.

तोवर घरी काय करायचे? लांबून हाका मारू नका. जवळ जा, उकिडव्या बसा, खांद्याला हात लावा आणि एकच गोष्ट सांगा. ‘पाय धू, मग जेवायला बस आणि चप्पल आत ठेव’ यातला त्याला एकही तुकडा धरता येत नाही. ‘पाय धू’ एवढेच म्हटले आणि त्याने धुतले, तर लगेच, त्याच क्षणी शाबासकी द्या. तो ‘नीरू’ म्हणाला की ‘नीरू हवं? घे, पाणी’ असे त्याच्या शब्दाला एक शब्द जोडून परत द्या, आणि मनात पाच अंक मोजून थांबा. आपण मोठी माणसे या मुलांना उत्तर द्यायला वेळच देत नाही. अंगात रग असलेल्या मुलाला बसवून ठेवण्यापेक्षा कामाला लावणे सोपे असते: तांब्याने तुळशीला पाणी, शेंगा सोलणे, पिठाचा गोळा दाबणे. भाकऱ्यांच्या वेळी वडिलांच्या नजरेखाली, चुलीपासून लांब, त्याच्या हातातही पिठाचा एक गोळा असू द्या. रोज दहा मिनिटे तो जे खेळेल ते तुम्ही खेळा, शिकवू नका.

अंगणवाडीच्या बाईंवर राग धरू नका. एकट्या बाईला वीस-पंचवीस मुले सांभाळायची असतात. पण मुलाला घरीही ठेवू नका. केंद्र सरकारने २०२३ मध्ये दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची स्वतंत्र कार्यपद्धती जाहीर केली असून अशा मुलांना सामावून घेणे हाच तिचा हेतू आहे. आरंभी रोज एक तास, तुम्ही किंवा सासूबाई सोबत बसाल अशी बोली करा. सासूबाईंना तिथे इतर मुलांमध्ये तो कसा वागतो हे आपल्या डोळ्यांनी दिसेल, आणि त्यानंतर तुम्हाला घरात फार समजवावे लागणार नाही.

स्वतःची झोप उडाली असेल, हात उगारला जात असेल, तर टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. ही मानसिक आरोग्यासाठीची विनामूल्य सरकारी सेवा आहे.

रुग्णालयात जाण्यापूर्वी एका वहीत मुलाचे सगळे शब्द लिहून काढा. कोणता शब्द कधी आणि कशासाठी म्हणतो, तेही समोर लिहा. भाषा कोणती हे पाहू नका. पहिल्या ओळीत ‘नीरू’ लिहा.